धागा : जामिनाचा पैसा गेला, मग नोकरी का जाते? (न्यू जर्सी, खटल्याआधीची कोठडी)

पानसुपारी (धागाकर्ता)

अमेरिकेतल्या न्यू जर्सी राज्यातल्या बेल रिफॉर्मवरून (जामिनाच्या पद्धतीतली सुधारणा) एका पाककृतीच्या धाग्यावर चाळीस प्रतिसाद अवांतर झालं. उकडीच्या मोदकांची माफी मागून विषय इथे हलवतो.

१ जानेवारी २०१७ पासून न्यू जर्सीत पैसे भरून मिळणारा जामीन जवळजवळ बंद झाला. त्यामुळे कच्च्या कैद्यांच्या नोकऱ्या, त्यांना कामावर ठेवणारे धंदे आणि काळ्या-गोऱ्यांमधली तफावत यांचं काय झालं, एवढंच बोलू.

आधी जुनी रीत. अटक झाली की न्यायाधीश आकडा सांगायचे, समजा २,५०० डॉलर. पूर्ण रक्कम कोर्टात भरली तर खटला संपल्यावर परत. तेवढी नसेल तर बेल बाँडवाला. तो कोर्टाला पूर्ण रकमेची हमी द्यायचा आणि त्याबद्दल साधारण १० टक्के घ्यायचा, म्हणजे २५० डॉलर, आणि ते गेले ते गेलेच. तिसऱ्या दिवशी सरकारने खटला मागे घेतला तरी परत नाहीत. वर घरातल्या कोणाची तरी सही हमीदार म्हणून. ज्याच्याकडे २५० सुद्धा नाहीत तो आत. ड्रग पॉलिसी अलायन्स या संस्थेच्या २०१३ च्या अहवालात निघालं की राज्यातल्या काउंटी (म्हणजे जिल्हा) जेलांमधले १२ टक्के लोक २,५०० किंवा त्याहून कमी रकमेपायी आत होते.

दुसरी बाजू लोक विसरतात. त्या काळी राज्यघटनेनुसार जामिनाचा आकडा सांगणं भागच होतं. त्यामुळे खिशात पैसा असलेला माणूस गंभीर गुन्ह्यातही बाहेर यायचा. नोव्हेंबर २०१४ मध्ये मतदारांनी घटनादुरुस्ती मंजूर केली ती याचसाठी: धोकादायक माणसाला पैसे असले तरी आत ठेवता यावं.

नवी रीत अशी. पोलिसांनी समन्सवर तक्रार नोंदवली तर माणूस घरी जातो आणि तारखेला येतो. वॉरंटवर नोंदवली तर काउंटी जेल, आणि ४८ तासांच्या आत सुटकेचा निर्णय. त्या वेळात प्रीट्रायल सर्व्हिसेसचे (खटल्याआधीची देखरेख करणारा कोर्टाचा विभाग) कर्मचारी नऊ गोष्टी बघून १ ते ६ असे दोन आकडे काढतात. एक तारखेला न येण्याचा, दुसरा नवा गुन्हा करण्याचा. मग सुटका, किंवा देखरेखीसह सुटका: पहिली पातळी महिन्याला फोन, दुसरी महिन्याला एकदा समक्ष नि एकदा फोन, तिसरी दर आठवड्याला, आणि त्यावर घरकैद किंवा ठावठिकाणा सांगणारं पायातलं यंत्र. पैशाचा जामीन कायद्यात शिल्लक आहे, पण २०१७ च्या अख्ख्या वर्षात तो ४४ वेळाच लावला गेला.

आता बोला.

हिशेबनीस

कागदावर ४८ तास छान दिसतात. नोकरी जाते ती त्यापुढे. सरकारी वकिलाने आत ठेवण्याचा अर्ज टाकला की वेळापत्रक बदलतं, आणि ते कोणी मोजून दाखवत नाही. मोजू या.

शुक्रवारी रात्री अटक, वॉरंट. शनिवारी सरकारी वकिलाचा अर्ज. सुनावणी तीन कामकाजाच्या दिवसांत, म्हणजे बुधवारपर्यंत. त्या दिवशी सरकारी वकील मुदत मागू शकतो, आणखी तीन कामकाजाचे दिवस: गुरुवार, शुक्रवार, सोमवार. बचावाच्या वकिलाला मुदत हवी असेल तर पाच दिवस, म्हणजे त्याच्या पुढचा बुधवार. या सगळ्या काळात माणूस आतच. सोमवारी न्यायाधीशांनी अर्ज फेटाळला आणि माणूस सुटला, तरी सहा पाळ्या बुडालेल्या असतात.

बहुतेक गोदामांच्या, हॉटेलांच्या, नर्सिंग होमच्या नियमपुस्तकात एक ओळ असते: सलग तीन पाळ्या न कळवता गैरहजर राहिल्यास कर्मचाऱ्याने स्वतःहून काम सोडल्याचं समजलं जाईल. म्हणजे बुधवारी संध्याकाळी त्याचं नाव यादीतून गेलं. दोषी ठरणं, आरोपपत्र, काहीही व्हायच्या आधी.

मेथीची जुडी

हिशेबनीस, अगदी बरोबर, आणि हे थोड्याथोडक्यांचं नाही. २०१७ मध्ये न्यू जर्सीत वॉरंटवर आलेल्यांपैकी चाळीस टक्क्यांहून जास्त लोकांविरुद्ध असा अर्ज आला. शेवटी कोठडी मिळाली ती साधारण १८ टक्क्यांना. मधला जो पट्टा आहे, तिथले लोक कित्येक दिवस आत बसले आणि मग सुटले. वार्षिक अहवालात ते ‘सुटले’ या रकान्यात जातात. नोकरीच्या हिशेबात ते ‘गेले’.

टोलनाका

ठीक आहे, पण दुकानदाराचाही विचार करा. दुकान फोडणारा संध्याकाळी बाहेर, आणि तुम्ही त्याच्या नोकरीची काळजी करताय.

आणि तीन पाळ्यांत एक फोन करता येत नाही? आजारी माणूसही करतो.

हिशेबनीस

टोलनाका साहेब, फोनचं सांगते, कारण बाहेरून हे दिसत नाही.

मोबाइल अटकेच्या वेळीच जमा होतो. सगळे नंबर त्यात. सुपरवायझरचा नंबर पाठ असलेला कामगार दाखवा आणि वडापाव घेऊन जा. जेलमधून फोन लागतो तो प्रीपेड खात्यावरून किंवा समोरच्याने पैसे भरायचे कबूल केल्यावर. कंपनीचा फोन आधी यंत्र उचलतं, ‘इंग्रजीसाठी एक दाबा’. जेलची यंत्रणा ‘हा कॉल स्वीकारता का’ विचारत राहते, दोन यंत्रं एकमेकांशी बोलतात, कॉल कटतो. म्हणून फोन जातो तो बायकोला किंवा आईला, आणि पुढचं त्यांच्यावर. आणि कंपनीचा नियम काय? ‘कर्मचाऱ्याने स्वतः कळवणे आवश्यक.’

ज्यांच्या हातात नियमपुस्तक आहे त्यांनी तीन गोष्टी बदलाव्यात. खर्च शून्य.

पहिली: ‘स्वतः’ हा शब्द काढा. घरच्यांनी किंवा वकिलाने कळवलं तरी चालेल असं लिहा, आणि कारण सांगण्याची सक्ती नको. ‘येऊ शकत नाही, अंदाजे अमुक दिवस’ एवढं पुरे. दुसरी: तीन पाळ्यांनंतर आपोआप नाव काढण्याऐवजी दहा कामकाजाच्या दिवसांची बिनपगारी रजा. दहा का, ते वरचं वेळापत्रक बघितलं की कळेल. तिसरी: कोर्टाच्या तारखेची चिठ्ठी दाखवली की पाळी बदलून द्यायची आणि ती गैरहजेरी गुणांमध्ये धरायची नाही. सुटल्यानंतर नोकरी जाते ती बहुतेक या तिसऱ्या कारणाने. तारीख सकाळी नऊची, नाव पुकारलं जातं दीड वाजता, पाळी दोनला सुरू आणि कोर्टापासून गोदाम दोन बस लांब.

पगारपत्रक करणाऱ्यांसाठी: तासावर काम करणाऱ्याचा प्रश्न नाही, काम केलेल्या तासांचे पैसे. ठरलेल्या मासिक पगारावरचा, ओव्हरटाइम न मिळणारा कर्मचारी असेल तर पूर्ण दिवसाची खासगी गैरहजेरी कापता येते, अर्ध्या दिवसाची नाही. कोर्टात तीन तास गेले म्हणून तीन तास कापलेत तर त्याची ‘ओव्हरटाइमला अपात्र’ ही वर्गवारीच धोक्यात येते. ही चूक फार होते. कामावरून काढलंत तर न्यू जर्सीत शेवटचा पगार पुढच्या नेहमीच्या पगाराच्या दिवशी द्यायचाच, तो जेलमध्ये असला तरी.

पानसुपारी

टोलनाका, ‘संध्याकाळी बाहेर’वर. किरकोळ दुकानचोरीत न्यू जर्सीत पूर्वीही बहुतेक समन्सच मिळायचं. सुधारणेने तिथे फार फरक पडला नाही. नवा गुन्हा केलाच तर आधीचा खटला प्रलंबित असताना केलेला गुन्हा हा त्या नऊ गोष्टींपैकी एक आहे, आकडा वर जातो, आणि सरकारी वकील आधीची सुटका रद्द करण्याचा अर्ज टाकू शकतो.

राज्याच्या न्यायालयांनी स्वतःच केलेली तुलना घ्या. तारखेला हजर राहण्याचं प्रमाण २०१४ च्या गटात ९२.७ टक्के, २०१७ च्या गटात ८९.४. सुटकेच्या काळात गंभीर नवा आरोप लागण्याचं प्रमाण १२.७ वरून १३.७. घसरण आहे, नाही म्हणत नाही. पण त्याच काळात खटल्याआधी आत असलेल्यांची संख्या २०१५ अखेर ते २०१८ अखेर जवळपास ४४ टक्क्यांनी उतरली. पुढे २०२४ मध्ये जामा नेटवर्क ओपन या वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या अभ्यासात या सुधारणेमुळे बंदुकीची हिंसा वाढल्याचं दिसलं नाही.

टोलनाका

हजेरी तीन टक्के घसरली ती तुम्ही हळूच सांगता. पण आकडे मान्य. समन्सचा मुद्दा पटला.

कौलारू

कॅलिफोर्नियाची आठवण. तिथे २०१८ मध्ये पैशाचा जामीन रद्द करणारा कायदा झाला, बेल बाँडच्या धंद्याने सह्या गोळा करून तो मतदानाला नेला, आणि नोव्हेंबर २०२० मध्ये लोकांनी पाडला. ‘धंद्यांवर परिणाम’ म्हणताना हा धंदा विसरू नका. व्यापारी बेल बाँड ही चीज जगात अमेरिका आणि फिलिपिन्स सोडून जवळजवळ कुठेच नाही. बाँडवाला दिसतो कोर्टासमोरच्या गाळ्यात, निऑनच्या पाटीखाली, पण त्याच्यामागे विमा कंपनी असते. जोखीम त्यांच्या नावावर, वाटा दोघांचा. न्यू जर्सीचा कायदा पाडायला एक आरोपी आणि लेक्सिंग्टन नॅशनल ही विमा कंपनी फेडरल कोर्टात गेले. पैशाच्या जामिनाचा घटनात्मक हक्क नाही, असं तिसऱ्या सर्किटच्या अपील न्यायालयाने २०१८ मध्ये सांगितलं. त्याच वर्षी गूगल आणि फेसबुकने बेल बाँडच्या जाहिराती बंद केल्या.

निळा पारवा

शिकागोकडून भर. इलिनॉयमध्ये बाँडवाला १९६३ पासूनच हद्दपार. तिथे १० टक्के थेट कोर्टात भरायचे, आणि खटला संपला की त्या ठेवीतला दहावा भाग कोर्ट ठेवून घ्यायचं. ५,००० च्या जामिनावर ५०० भरले, ५० कापले. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९७१ मध्ये ही कपात वैध ठरवली. म्हणजे बाँडवाल्याची जागा काउंटीच्या तिजोरीने घेतली, एवढाच फरक. १८ सप्टेंबर २०२३ ला इलिनॉयने पैशाचा जामीन पूर्ण बंद केला, असं करणारं पहिलं राज्य. तेव्हा विरोध करणाऱ्या काउंट्यांचा एक आक्षेप हाच होता की उत्पन्न बुडेल. न्यू जर्सीची गंमत वेगळी: प्रीट्रायल सर्व्हिसेसचा खर्च सुरुवातीला कोर्टाच्या वाढवलेल्या फायलिंग फीमधून भागवायचा ठरला. फी किती जमेल ते दिवाणी दावे किती येतात त्यावर, आणि खर्च अटकांवर. दोन्हींचा मेळ बसणार कसा? न्यायालयाच्या अहवालांत दरवर्षी तुटीची तक्रार असायची.

मेथीची जुडी

आता वर्णाकडे येऊ, कारण सगळ्यात अवघड तेच आहे.

ऑक्टोबर २०१२ मधला एक दिवस आणि ऑक्टोबर २०१८ मधला तोच दिवस, न्यू जर्सीच्या काउंटी जेलांची दोन छायाचित्रं समजा. २०१२ मध्ये एकूण १५,००६ माणसं, २०१८ मध्ये ८,४८२. २,५०० डॉलर किंवा कमी जामिनापायी अडकलेले १२ टक्क्यांवरून ४.६ वर. संख्येत बघितलं तर काळ्या माणसांमध्ये सुमारे ३,००० ची घट, गोऱ्यांमध्ये १,५००, हिस्पॅनिक १,३००. सगळ्यात जास्त माणसं काळ्या वस्त्यांमधली घरी गेली. आता टक्का बघा: काळे कैदी २०१२ मध्ये ५४ टक्के, २०१८ मध्येही ५४ टक्के. राज्याच्या लोकसंख्येत ते १५ टक्क्यांच्या आत-बाहेर. काटा हलला नाही.

का, यावर माझं मत ठाम आहे: सुधारणा झाली ती न्यायाधीशाच्या टेबलावर, आणि चाळण लागते त्याच्या आधी. समन्स की वॉरंट, हा फाटा पोलीस ठाण्यात फुटतो. २०१७ मध्ये साधारण ६९ टक्के प्रकरणं समन्सवर गेली, त्यांना जेल दिसलंच नाही. उरलेले वॉरंटवाले. ते कोण, हे कोणत्या चौकात किती पोलीस उभे आहेत त्यावरून बरंचसं ठरतं. (काही गंभीर गुन्ह्यांत वॉरंट अनिवार्य आहे, तो भाग वेगळा.)

भाऊसाहेब६१

ते आकडे काढणारं गणित तर वर्ण बघतच नाही ना? मग पक्षपात येतो कुठून?

मेथीची जुडी

भाऊसाहेब, नऊ गोष्टी मांडते, तुम्हीच बघा. अटकेच्या वेळचं वय. सध्याचा आरोप हिंसक आहे का. त्या वेळी दुसरा खटला प्रलंबित होता का. पूर्वी किरकोळ गुन्ह्यात दोषी, गंभीर गुन्ह्यात दोषी, हिंसक गुन्ह्यात दोषी. गेल्या दोन वर्षांत तारीख चुकवली का. त्याआधी चुकवली का. पूर्वी कैदेची शिक्षा झाली का.

वर्ण नाही, पत्ता नाही, शिक्षण नाही. पण नऊपैकी सात गोष्टी पोलीस आणि कोर्टाने आधी काय केलं त्याच्या नोंदी आहेत. गांजा गोऱ्या मुलाच्या खिशातही असतो, पण खिसा तपासला कोणाचा? ज्याचा तपासला त्याच्या खात्यात ‘पूर्वी दोषी’ जमा. दहा वर्षांनी तोच आकडा होऊन समोर येतो.

न्यायाधीशांकडे सगळं सोपवलं तरी सुटका नाही. अर्नोल्ड, डॉबी आणि यांग यांचा २०१८ चा अभ्यास मायामी-डेड आणि फिलाडेल्फियाचा. त्यांनी काठावरची प्रकरणं घेतली, जिथे न्यायाधीश ‘सोडू की नको’ अशा स्थितीत असतो. काठावर सुटलेल्या गोऱ्यांना पुन्हा अटक होण्याचं प्रमाण काठावर सुटलेल्या काळ्यांपेक्षा सुमारे २२ टक्केबिंदूंनी जास्त निघालं. म्हणजे काळ्या आरोपीला सुटायला जास्त ‘स्वच्छ’ असावं लागत होतं. न्यूयॉर्क शहरावरच्या २०२२ च्या अभ्यासात सुटकेतल्या तफावतीचा दोन तृतीयांश भाग भेदभावानेच समजावता आला.

आणि ही बघा नऊ गोष्टींमधली आपल्या विषयाची: नोकरी त्यात नाही. वीस वर्षं एका ठिकाणी काम करणारा आणि बेकार, दोघांचा आकडा सारखा. न्यायाच्या दृष्टीने हे बरंच आहे, नाहीतर बेकारांना आणखी शिक्षा. पण कामगाराला वाटतं की ‘मी कामावर आहे’ हे सांगितलं की सुटेन. आकड्यात ते येतच नाही.

पानसुपारी

आकड्यात येत नाही, सुनावणीत येतं. कायदा न्यायाधीशाला आरोपीचं कुटुंब, नोकरी, त्या गावातलं वास्तव्य हे बघायला सांगतो. म्हणून मालकाचं पत्र लिहायचं ते कोठडीच्या सुनावणीसाठी, आणि पाठवायचं वकिलाकडे, थेट कोर्टात नाही. खासगी वकील नसेल तर त्या काउंटीच्या पब्लिक डिफेंडरच्या (सरकारी खर्चाने मिळणारा बचावाचा वकील) कार्यालयात.

पत्र एका पानाचं, कंपनीच्या लेटरहेडवर, खाली सही करणाऱ्याचा थेट नंबर. मजकूर इतकाच: अमुक तारखेपासून कामावर, अमुक पद, आठवड्याला इतके तास, पाळी या दिवशी या वेळेत, सुटल्यास हीच पाळी त्याच्यासाठी ठेवली आहे, कामाच्या ठिकाणाचा पत्ता. पाळीची वेळ नेमकी लिहा, कारण घरकैद लागली तर कामाला जाण्याची सवलत त्याच वेळेवर बेतली जाते. ‘माणूस फार चांगला, असं करणारच नाही’ हे लिहू नये. घडलेल्या प्रकाराबद्दल एक अक्षर नको. सरकारी वकील तेच पकडतो, आणि मालकाला साक्षीला बोलावलं तर पंचाईत.

पत्र बुधवारी लागतं आणि मालकाला कळतं पुढच्या सोमवारी. इथेही तेच, पहिल्या फोनवर सगळं अडलेलं.

रानजाई

पुण्यातून वाचतेय. आपल्याकडे पैशाचा जामीन नाही असं ज्यांना वाटतं त्यांच्यासाठी.

१९७८, मोतीराम विरुद्ध मध्य प्रदेश राज्य. मोतीराम गवंडी. सर्वोच्च न्यायालयाने जामीन दिला, खालच्या न्यायदंडाधिकाऱ्यांनी १०,००० रुपयांचा जामीनदार मागितला, आणि त्याच्या भावाला नाकारलं, कारण भावाची मालमत्ता दुसऱ्या जिल्ह्यात. न्या. कृष्णा अय्यर यांनी रक्कम १,००० वर आणली आणि खालच्या न्यायालयाला चांगलंच सुनावलं. आजही तालुक्याच्या कोर्टात काय मागतात? जामीनदार, त्याचं रेशनकार्ड, सातबारा किंवा घराची पावती, आणि तहसीलचा सॉल्व्हन्सीचा (ऐपतीचा) दाखला. दाखल्याला दिवस लागतात. ऊसतोड किंवा वीटभट्टीवरचा माणूस सहा महिने परजिल्ह्यात, त्याला तिथे सातबारावाला जामीनदार कोण मिळणार? आदेश हातात आणि माणूस आत.

काय मागता येतं ते सांगते. जामीनपात्र गुन्हा असेल आणि आठवड्यात जामीनदार देता आला नाही, तर आरोपी निर्धन आहे असं धरून जातमुचलक्यावर, म्हणजे जामीनदाराशिवाय स्वतःच्याच हमीवर, सोडायला हवं. हे आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४७८ मध्ये आहे. अजामीनपात्र गुन्ह्यात जामीन मिळून सात दिवसांत सुटका झाली नाही तर तुरुंग अधीक्षकांनी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाला कळवायचं, आणि महिनाभरात जामीनदार न मिळाल्यास अट शिथिल करता येते का हे न्यायालयाने स्वतःहून बघावं, असं सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२३ मध्ये सांगितलं. २०२३ च्या केंद्राच्या गरीब कैद्यांच्या योजनेत कच्च्या कैद्याच्या जामिनासाठी सुरुवातीला ४०,००० रुपयांपर्यंत तरतूद होती. पहिल्यांदाच गुन्हा असलेल्याला कमाल शिक्षेच्या एक तृतीयांश काळ आत काढला की कलम ४७९. जन्मठेप किंवा फाशीचे गुन्हे सोडून, आणि एकापेक्षा जास्त खटले असतील तर हे लागू नाही. हा शेवटचा अपवाद फासेपारध्यांसारख्यांना कसा नडतो ते वेगळं सांगायला नको. चोरी कुठेही होवो, उचलून आणायचे तेच तांडे, नावावर चार गुन्हे आधीच. मेथीची जुडी यांनी जे नऊ गोष्टींबद्दल लिहिलं, त्याचीच गावठी आवृत्ती.

२०२२ च्या राष्ट्रीय आकडेवारीत देशातले ७५.८ टक्के कैदी कच्चे होते.

आणि सरकारी नोकराला ४८ तासांपेक्षा जास्त कोठडी झाली की निलंबन आपोआप मानलं जातं, पण निर्वाह भत्ता मिळतो. कंत्राटी सफाई कामगाराला दोन्ही नाही. मुकादम दुसऱ्या दिवशी दुसरा माणूस उभा करतो.

टोलनाका

रानजाई ताई, उत्तम प्रतिसाद. सातबारा म्हणजे आपला बेल बाँड, एवढंच म्हणतो.

खारीबिस्कीट

न्यू जर्सीतल्या एडिसनमधल्या आपल्या लोकांसाठी दोन ओळी, नाहीतर ‘हे आपल्याला लागू नाही’ म्हणून सोडून द्याल. एच-१बी वर असाल तर नोकरी गेल्यापासून देशात राहायला जास्तीत जास्त ६० दिवस. वर हिशेबनीसांनी मोजलेल्या दहा दिवसांत नाव कटलं तर ते घड्याळ आत असतानाच सुरू होतं. दारू पिऊन गाडी चालवल्याच्या नुसत्या अटकेवर दूतावास पासपोर्टमधला व्हिसा रद्द करू शकतो. अमेरिकेतलं वास्तव्य त्याने लगेच बेकायदा होत नाही, पण भारतात गेलात की परत येताना नव्याने मुलाखत. आणि ‘गुन्हा कबूल करा, आज घरी जा’ ही ऑफर आली की आधी वकिलाला विचारा की इमिग्रेशनवर काय परिणाम. ते सांगणं वकिलाचं घटनात्मक कर्तव्य आहे, अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाचा २०१० चा पॅडिला निकाल.

मेथीची जुडी

‘कबूल करा, घरी जा’ हे फक्त परदेशी लोकांपुरतं नाही. ह्यूस्टनच्या हॅरिस काउंटीतल्या किरकोळ गुन्ह्यांचा २०१७ चा अभ्यास आहे, हीटन, मेसन आणि स्टीव्हन्सन यांचा. तशाच प्रकरणात बाहेर असलेल्यांपेक्षा आत असलेल्यांनी गुन्हा कबूल करण्याचं प्रमाण २५ टक्क्यांनी जास्त, जेलची शिक्षा होण्याचं ४३ टक्क्यांनी जास्त. कारण साधं: खटला लढायचा तर आणखी आठवडे आत, कबूल केलं तर आतापर्यंतचे दिवस हीच शिक्षा आणि आज सुटका. नोकरी वाचवायला माणूस कबूल करतो, आणि मग दोषी म्हणून नोंद राहते, जी पुढच्या दहा नोकऱ्या खाते.

फिलाडेल्फिया आणि मायामीवरचाच आणखी एक अभ्यास, डॉबी, गोल्डिन आणि यांग यांचा, २०१८: खटल्याआधी सुटलेल्यांना तीन-चार वर्षांनी औपचारिक नोकरी असण्याची शक्यता ९.४ टक्केबिंदूंनी जास्त, दोषी ठरण्याची १४ टक्केबिंदूंनी कमी. तीन-चार वर्षांनी! पाळ्या बुडाल्या होत्या त्या आठवड्याभराच्या.

भाऊसाहेब६१

मालकाच्या बाजूने एक शंका. नव्या माणसाची पार्श्वभूमी तपासली, अहवालात अटक दिसते, निकाल नाही. घ्यावा की न घ्यावा? आणि घेतला नाही तर दावा होतो का?

हिशेबनीस

होऊ शकतो. नुसत्या अटकेवरून नाकारणं टाळा. अमेरिकेच्या समान रोजगार संधी आयोगाची २०१२ ची भूमिका अशी: अटक म्हणजे कृत्याचा पुरावा नाही. मात्र अटकेमागचं वर्तन कामाशी संबंधित असेल तर तुम्ही स्वतः विचारपूस करून त्या वर्तनावर निर्णय घेऊ शकता. गोदामातल्या माणसावर गाडीचा परवाना संपल्याचा आरोप आणि रोकड मोजणाऱ्यावर अफरातफरीचा, यांत फरक करा आणि तो फाइलवर लिहून ठेवा. काळ्या उमेदवारांना अटका जास्त होतात, म्हणून ‘अटक दिसली की नको’ हा नियम वरून सरळ दिसला तरी परिणामाने भेदभाव ठरू शकतो.

न्यू जर्सीत १५ किंवा जास्त कर्मचारी असतील तर अर्जावर आणि पहिल्या मुलाखतीपर्यंत गुन्हेगारी नोंदीबद्दल विचारायचंच नाही. १ मार्च २०१५ पासून. पहिल्या चुकीला १,००० डॉलरपर्यंत दंड, दुसऱ्याला ५,०००, पुढे १०,०००. छापील अर्जाचे जुने गठ्ठे कपाटात पडून असतात, त्यावर ‘कधी अटक झाली आहे का’ हा चौकोन असतोच. ते गठ्ठे फाडा.

बाहेरच्या एजन्सीचा अहवाल वापरून नाकारत असाल तर आधी उमेदवाराला अहवालाची प्रत आणि त्याच्या हक्कांचा कागद द्यायचा, वाजवी वेळ थांबायचं (पाच कामकाजाचे दिवस ही रूढ मुदत), मग अंतिम पत्र. नावसाधर्म्याने दुसऱ्याचीच अटक चिकटलेली असते असं पुष्कळदा होतं, म्हणून ही पायरी.

चोरीची भीती असेल तर फेडरल बाँडिंग प्रोग्राम: पहिल्या सहा महिन्यांसाठी ५,००० डॉलरचं संरक्षण, मालकाला फुकट, राज्याच्या रोजगार कार्यालयातून. बेल बाँडशी त्याचा संबंध नाही, नाव ऐकून लोक घाबरतात.

आणि उमेदवारासाठी: खटला रद्द झाला तर त्याच वेळी न्यायाधीशांसमोर नोंद पुसण्याचा अर्ज करायचा. तडजोडीत दुसरा आरोप कबूल केला असेल तर मिळणार नाही. पण निखळ रद्द झाला असेल तर वकिलाला आठवण करून द्या, नंतर वेगळा अर्ज म्हणजे महिने.

निळा पारवा

पायातल्या यंत्राबद्दल कोणी लिहिलं नाही, म्हणून. शिकागोतल्या गोदामांच्या पट्ट्यात हा रोजचा प्रश्न आहे.

यंत्राला रोज दोनेक तास चार्जिंग लागतं, भिंतीतल्या सॉकेटला वायर, माणूस खुर्चीत. बारा तासांची पाळी आणि दीड तास प्रवास असेल तर बॅटरी कामावर संपते, अलार्म जातो. सुपरवायझरने जेवणाच्या सुट्टीत सॉकेटजवळ बसू दिलं तर प्रश्न मिटतो. दुसरं, पत्र्याच्या छपराखाली आणि स्टीलच्या रॅकमध्ये उपग्रहाचा सिग्नल तुटतो, आणि माणूस फोर्कलिफ्टवर असताना नियंत्रण कक्षातून फोन: बाहेर मोकळ्यावर जाऊन उभा राहा. फोर्कलिफ्ट चालवताना मोबाइल बंद ठेवायचा नियम असतो. फोन न उचलणं म्हणजे नियमभंगाची नोंद.

यावर एकच चालतं: कामाच्या ठिकाणाचा पत्ता आणि दाराजवळचा लँडलाइन नंबर आधीच यंत्रावर देखरेख ठेवणाऱ्या पर्यवेक्षकाकडे नोंदवणं, आणि पाळी बदलली की मालकाने आदल्या दिवशी लेखी कळवणं. इलिनॉयच्या नव्या कायद्यात घरकैदेतल्या माणसाला बाजारहाट, दवाखाना, नोकरी शोधणं यासाठी आठवड्यात किमान दोन दिवस बाहेर सोडावं लागतं. कामाची परवानगी त्याहून वेगळी मागावी लागते, आपोआप मिळत नाही. ओव्हरटाइमला थांबवून घेतलंत आणि कळवलं नाहीत, तर त्याची पाळी रात्री अकराला संपते आणि परवानगी दहालाच.

टोलनाका

पारवा, लँडलाइनचा नंबर पर्यवेक्षकाकडे कोण नोंदवतं, कामगार की मालक?

निळा पारवा

कामगार. पण खात्री करायला पर्यवेक्षक मालकाला फोन करतो, तेव्हा रिसेप्शनवरच्या माणसाला ‘असा कोणी इथे नाही’ म्हणू नकोस एवढं आधी सांगून ठेवा. यादीत नाव असेल तर.